दोन म्हणजे नीघ

१

डेल्मर आणि वर्ना यांचं घर पिकअपच्या हौद्यात बसायचं. गोगलगायीच्या पाठीवर शंख असतो ना, तसं. मागे एक दार, दाराशी दुमडायची पायरी, आत शेगडी, उभ्याउभ्या अंग भिजवावं एवढं न्हाणीघर, आणि दोन माणसांनी गुडघ्याला गुडघा लावून जेवायचं टेबल. पुढच्या अंगाला, ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर झुकलेला एक माळा. माळ्यावर गादी. ड्रायव्हरच्या बाजूला डेल्मर झोपायचा, पलीकडे वर्ना. वरचं छत इतकं ठेंगणं, की उठून बसायचं म्हटलं तर कपाळ आपटायचं. सुरुवातीला दोघांचीही आपटली. मग माणूस शिकतोच.

गावचं घर विकून त्यांनी हा संसार मांडला होता. उन्हाळा ओरेगॉनच्या जंगलात जायचा. तिथल्या सहलकऱ्यांच्या तळाची राखण करायची, संडास धुवायचे, आल्यागेल्याला सरपण द्यायचं. थंडीची चाहूल लागली की खाली ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरायचं. अशी पुष्कळ म्हातारी माणसं तिकडे पाखरांसारखी खालीवर करत असतात. त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

निघायची एक रीत होती. न्याहारी झाली की वर्ना आतलं आवरायची. कपाटांच्या कड्या लावायच्या, छताची झडप ओढायची, कपबशा टॉवेलात गुंडाळायच्या. डेल्मर बाहेरचं बघायचा. गॅस बंद, सांडपाण्याची नळी आत, टायरला एकेक लाथ, पायरी दुमडलेली. मग वर्ना ठरवायची, पुढे बसायचं की माळ्यावर पडायचं. आधीआधी ती पुढेच बसायची, मांडीवर नकाशा आणि गालात सूर्यफुलाच्या बिया. मग कंबर आणि गुडघे कुरकुरायला लागले, तशी ती मागे जाऊन आडवी व्हायला लागली. चालत्या गाडीत मागे झोपणं कायद्यात बसत नाही. पण कायद्याला गुडघे नसतात.

आता केबिन आणि घर यांच्यामध्ये दार नाही. मागच्या माणसाशी बोलायचं तर गाडी उभी करून, उतरून, वळसा घालून जावं लागतं. म्हणून त्यांनी ठोके ठरवले होते. माळा टपापेक्षा रुंद, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. डेल्मर खिडकीची काच खाली करायचा, हात बाहेर काढून वर न्यायचा आणि माळ्याच्या पोटाला बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचा. निघू का? वर्ना वरून दोनदा ठोकायची. नीघ. तीन ठोके म्हणजे थांब. ते कुणीही, कधीही द्यावेत. आणि दोघांचं झाल्याशिवाय चाक हलवायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नेम.

तळावर शेजारी हॉलिस नावाचा एक म्हातारा असायचा. तो म्हणायचा, "लोकांची लग्नं बोलण्यावर टिकतात. तुमचं ठोकण्यावर टिकलंय."

"आणि तुझी कशावर मोडली ते सांग आधी," वर्ना म्हणायची. हॉलिसची तीन मोडली होती.

२

त्या वसंतात, वाळवंटातून वर येताना, यूटात कुठेतरी, डेल्मरच्या एक गोष्ट लक्षात आली. म्हणजे लक्षात आली आणि त्याने ती बाजूला सारून ठेवली.

वर्नाचे ठोके पलीकडून यायचे. रिकाम्या सीटच्या वरून. ती तिथेच पडायची, तर ठोके दुसरीकडून कसे येतील? त्या सकाळी ते त्याच्या अगदी डोक्यावर आले. त्याच्या स्वतःच्या झोपायच्या जागेवरून.

सरकली असेल, त्याने मनाशी म्हटलं. माझ्या बाजूच्या खिडकीला ऊन कमी लागतं. त्याला जरा बरंही वाटलं. नवरा गाडी हाकतोय आणि बायको त्याच्या ऊबदार जागेवर लोळतेय, यात वाईट काय आहे?

दुसरी गोष्ट, ठोके हल्ली लगेच यायचे. वर्नाला नेहमी वेळ लागायचा. कूस बदलायची, पांघरुणातून हात सोडवायचा, एकदा "अगं आई" म्हणायचं, मग ठोकायचं. ते सगळं डेल्मरला पाठ होतं. आता त्याचा हात खाली यायच्या आत उत्तर हजर. कुणी पेरं फळीला टेकवूनच बसलंय, असं.

आणि तीन ठोके तर तेव्हापासून आलेच नव्हते. पूर्वी वर्ना सारखी थांबवायची. हरणांचा कळप दिसला, थांब. पीचची टोपली मांडून बसलेली बाई दिसली, थांब. पोटात पाणी साठलं, थांब. डेल्मर कातावायचा. "असं थांबत गेलो तर बर्फ गाठेल आपल्याला!" आता गाडी सकाळी सुटायची ती मुक्कामालाच उभी राहायची. ओरेगॉनला पोचल्यावर त्याने हॉलिसला सांगितलं, "सुधारली रे माझी बायको."

हॉलिसने पाइप झटकला. "सुधारलेली बायको मी तीनदा बघितलीये," तो म्हणाला. "आठवड्याने तिची बॅग दाराशी असते."

डेल्मर हसला होता.

३

उन्हाळा सरत आला तेव्हा वर्ना एकदा टेबलाशी बटाटे सोलत होती. समोर डेल्मर नळाची चकती बदलत होता. त्यांची मुलगी जॅनेल डाकोटात राहायची. तिच्या घरामागे दोन खोल्या होत्या.

"जॅनेलने मागच्या खोल्यांना रंग दिलाय," वर्ना म्हणाली.

"कुठला?"

"पिवळा. रंग विचारू नकोस डेल्मर. जायचं कधी ते विचार."

"जाऊ की. हा एक हिवाळा ॲरिझोना करू, आणि मग..."

"मागच्या वर्षीही तू हा एक हिवाळाच म्हणाला होतास."

"तेव्हा तुझे गुडघे बरे होते."

"तेव्हाच दुखत होते." तिने बटाटा पाण्यात टाकला. "माळ्यावर चढताना तू मला खालून ढकलतोस, म्हणून चढताना ते तुला दिसतात. उतरताना मी एकटी असते. तू पुढे बसलेला असतोस, हात स्टिअरिंगवर."

डेल्मरने चकती बसवली, नळ सोडून बघितला, बंद केला. गळत नव्हता. त्याला उत्तर सुचत नसलं की तो असं काहीतरी दुरुस्त करायचा. वाईट माणूस नव्हता तो. त्याने कधी आवाज चढवला नाही, कधी तिला नाही म्हटलं नाही. तो फक्त पुढच्या मोसमावर टाकायचा. आणि पुढचा मोसम आला की तो त्याच्याही पुढच्यावर टाकायचा. थांबलं की माणूस म्हातारा होतो, असं त्याला आतून वाटायचं. सांगितलं मात्र नाही कधी.

"या खेपेला फाट्यावर डावीकडे वळायचं," वर्ना म्हणाली. "शब्द दे."

नेवाडात एक फाटा आहे. डावा रस्ता डाकोटाच्या अंगाला निघतो, उजवा ॲरिझोनाला.

"दिला."

"बटाट्यावर हात ठेवून सांग."

त्याने सोललेल्या बटाट्यावर हात ठेवला. दोघं हसली. मग वर्नाने हसू आवरलं आणि खाली बघत म्हणाली, "तू हल्ली विचारतोस, डेल्मर. पण ऐकत नाहीस."

बायका म्हणतात तसं म्हणाली, असं त्याने धरलं. सगळ्याबद्दलच म्हणतेय.

४

नेवाडातला तो पेट्रोलपंप म्हणजे ओसाडीत टाकलेलं एक खोकं. दोन पंप, एक दुकान, दुकानाबाहेर बाक. पुढे फार लांबवर काही नाही.

"सूप मिळतंय का बघते," वर्ना उतरताना म्हणाली. "मग मागे जाऊन पडते जरा." सकाळपासून ती गप्पच होती. फाटा जवळ आलेला, म्हणून असेल.

डेल्मरने डिझेल भरलं. काचेवर किडे चिकटून वाळले होते, ते फडक्याने घासत बसला. तेवढ्यात मागचं दार खट्ट वाजलं. पाठोपाठ गाडी जराशी झुकली. पिकअपवरच्या घरात कुणी चढलं की सगळी गाडी झुकते, मांजर चढलं तरी झुकते. आली, त्याने मनात म्हटलं. फडकं पिळलं, मागे गेला, पायरी दुमडली. दार लागलेलं होतं.

ते उघडून बघायला किती वेळ लागला असता? नंतर त्याने हा प्रश्न स्वतःला फार विचारला. पण ठोके असताना बघायचं कशाला? जी माणसं पुढे एक आणि मागे एक अशी फिरतात, त्यांनाच ही चूक करता येते. बाकीच्यांना शेजारची सीट रिकामी दिसते.

तो बसला. काच खाली केली. हात वर नेला. दोन.

दोन ठोके आले. त्याच्या डोक्यावरूनच, लगेच, आणि कसे तर हसरे. सकाळपासून तोंड न उघडलेल्या बायकोने असं झटकन उत्तर दिलं, की नवऱ्याच्या छातीवरचं ओझं उतरतं. डेल्मर मान वर करून हसला आणि निघाला.

रस्ता सरळ. दोन्ही अंगांना करडी झुडपं, लांब निळे डोंगर, समोरून कुणी नाही. फोनला तिथे रेंज नसते. तो गुणगुणायला लागला, आणि गंमत म्हणून हात बाहेर काढून माळ्यावर ताल धरला. वरून तालात उत्तर आलं. त्याने ताल बदलला. वरूनही बदलला. वर्नाला ताल कधी धरता आला नव्हता. चर्चमध्ये टाळ्या वाजवायची तर सगळ्यांच्या मागून एक वाजायची तिची, आणि तो तिला चिडवायचा.

आज जमलं, त्याला वाटलं. माणूस खूश असला की जमतं.

फाट्यावर त्याने गाडी कडेला घेतली. वारा सुटला होता, गाडी डुलत होती. डावीकडे डाकोटा, पिवळ्या खोल्या. उजवीकडे ॲरिझोना, ऊन, शेकोटीभोवतीच्या खुर्च्या. शब्द दिलेला होता. तो मोडायचा नव्हता त्याला. पण एकदा विचारायला काय हरकत आहे, इतकी खुशीत आहे तर?

"एक हिवाळा, वर्ना," तो काचेतून समोर बघत पुटपुटला. "शेवटचा. जायचं का खाली?"

दोन ठोके आले.

त्याने अजून हात वर केला नव्हता.

त्याने उघड्या काचेकडे बघितलं. खिडकी उघडी आहे, ऐकू गेलं असेल. एवढ्या वाऱ्यात? ओठातल्या ओठात बोललेलं? तिचे कान तसे तिखट आहेत. असतील.

माणसाला हवं ते उत्तर मिळालं, की तो उत्तर देणाऱ्याचं तोंड बघायला जात नाही. डेल्मरने गाडी उजवीकडे घातली.

५

चढ चढून पलीकडे गेल्यावर फोनने एकदम अंग झटकलं. वाजायला लागला. वर्नाचं नाव.

डेल्मरला हसू आलं. "अगं, फोन कशाला? ठोक की."

पलीकडून वर्नाचा आवाज आला, बारीक. "काय ठोकू?"

"काही हवंय का? थांबू?"

"डेल्मर, कुठे आहेस तू?"

"कुठे म्हणजे? तुझ्या खाली."

"मी पंपावर आहे," वर्ना म्हणाली. "दुकानाबाहेरच्या बाकावर. केव्हाची बसलेय. तुझा फोन लागेना."

डेल्मरच्या डोक्यावर, अगदी जवळ, दोन ठोके पडले.

"ते काय वाजलं?" वर्नाने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "येतो मी. तिथेच बस."

गाडी त्याने थांबवली की ती आपसूक थांबली, हे त्याला नंतर आठवेना. तो उतरला. लख्ख ऊन होतं. सावली नाही, झाड नाही, एखादं वाहन नाही. अशा उजेडात माणसाला भीती वाटायला लाज वाटते. त्याने पायरी उघडली, दार उघडलं, आणि स्वतःच्या घराच्या दारात उभं राहून, शेजाऱ्याकडे आल्यासारखं विचारलं, "कुणी आहे का?"

शेगडी जागेवर. कड्या लागलेल्या. कपबशा टॉवेलात. माळ्याचा पडदा ओढलेला. वर्ना तो कधीच ओढत नसे, तिचा जीव घाबरायचा.

तो शिडीच्या दोन पायऱ्या चढला आणि पडदा सरकवला.

वर कुणी नव्हतं. वर्नाच्या बाजूची गोधडी तिने घडी घातली होती तशीच, कोपऱ्याला कोपरा लावून. त्याच्या बाजूला मात्र गादी दबलेली होती. ती फोमची गादी, दाबली की खळगा पडतो आणि सावकाश भरून येतो, तशातली. तिच्यात खळगा होता. डेल्मर पाठीवर झोपायचा. हा खळगा पालथ्या झोपलेल्याचा होता. दोन गुडघे, एक कोपर, छाती. आणि पुढे, गादीच्या अगदी काठावर, फळीला लागून, ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर वर, एक गाल. आडवा टेकलेला. खालचं ऐकायला माणूस कान लावतो, तसा.

त्याच्या डोळ्यांदेखत तो खळगा भरून यायला लागला. आधी गुडघे गेले. मग कोपर, मग छाती. सगळ्यात शेवटी गाल गेला.

मीच पहाटे असा झोपलो असेन, त्याने स्वतःला सांगितलं. गार हवेत फोम उशीर लावतो. पण पहाटेपासून आतापर्यंत दिवस किती वर आला होता, हे त्याला दिसत होतं.

६

परतीच्या वाटेवर वरून काही आलं नाही. एकही ठोका नाही. त्याने काच गच्च बंद केली होती आणि खांदे वर ओढून घेतले होते, पाऊस पडताना ओढतात तसे. वर काहीच नाही, असं त्याला एकदाही वाटलं नाही. वर कुणीतरी ऐकतंय, एवढं वाटत राहिलं.

पंपावरच्या दुकानात ट्वायला नावाची जाडजूड बाई होती. ती दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"आलात का आजोबा? इथे लोक चष्मा विसरतात, दातांची कवळी विसरतात. एकाने सासू विसरली होती, पण ती मुद्दाम. अख्खी बायको विसरणारे तुम्हीच."

"चूक झाली," डेल्मर म्हणाला.

"मला काय सांगता? तिला सांगा. मी तिला दोनदा सूप दिलंय. तिसऱ्यांदा रडली असती, तर मी तुमच्या मागे माणूस धाडणार होते."

वर्ना बाकावर होती. शेजारी सुपाचे दोन पेले, एक रिकामा आणि एक तसाच भरलेला, वर साय धरलेली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"तो तुझा होता," तिने पेल्याकडे बोट केलं. "दोन्ही हातांत पेले, म्हणून दुकानाचं दार उघडता येईना मला. काचेतून बघत होते. तू हात वर केलास. ठोकलंस. मग मान वर करून ऐकलंस."

"वर्ना..."

"मला बोलू दे. ऐकलंस आणि हसलास. असा हसलास, डेल्मर, की मला वाटलं, कुणाकडे बघून हसतोय हा? माझ्याकडे बघून तर कित्येक दिवसांत हसला नाहीस तसा. आणि निघालास. मला वाटलं, सोडून गेला मला. हसत सोडून गेला."

"मला वाटलं, तू वर आहेस. उत्तर आलं मला."

"कसलं?"

"दोन."

वर्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून गाडीकडे गेली, माळ्याकडे, आणि तिथेच राहिली.

"वसंतापासून मी एकदाही ठोकलेलं नाही," ती म्हणाली.

ट्वायला आत निघून गेली. तिला काय समजलं कोण जाणे, पण ती गेली.

"यूटात माझी कंबर धरली होती," वर्ना सांगू लागली. "श्वास घेववेना. मी तीन ठोकले. पुन्हा तीन. पुन्हा. हात दुखेपर्यंत ठोकले. तू गाडी थांबवली नाहीस. संध्याकाळी उतरलास तेव्हा म्हणालास, छान दिवस गेला, कुठे थांबावं लागलं नाही. तेव्हा मी सोडून दिलं. म्हटलं, हा विचारतो ते रीत म्हणून. उत्तर नाही लागत त्याला."

"मला दोनच ऐकू आले," डेल्मर म्हणाला. "शपथ घेतो. दोनच येत होते."

"हो," वर्ना म्हणाली. "तुला दोनच येणार."

तिने मागच्या घरात पाऊल टाकलं नाही. "माझी उशी तेवढी आण," म्हणाली, आणि लगेच, "नको. राहू दे." ती पुढे बसली, पट्टा लावला, पर्स मांडीवर धरली. फाट्यावर डेल्मरने गाडी हळू केली. त्याचा हात काचेच्या बटणाकडे गेला आणि परत आला.

"विचारणार नाहीस?" वर्ना म्हणाली.

"नाही."

"मला विचार ना. इथे बसलेय मी."

त्याने तिच्याकडे तोंड केलं. तोंडाने विचारायची सवय गेली होती. "डावीकडे?"

"डावीकडे," ती म्हणाली.

७

डाकोटात पोचल्यावर त्यांनी ते घर पिकअपवरून उतरवलं. त्याला चार कोपऱ्यांना चार पाय असतात. ते खाली टेकवायचे, घर उचलायचं आणि खालून गाडी काढून घ्यायची. जॅनेलच्या अंगणात ते तसं चार पायांवर उभं राहिलं. पुढचा माळा हवेत, त्याच्याखाली काही नाही.

"विकून टाक ते," वर्ना म्हणाली.

"वसंतात विकू. बर्फात कोण घेतंय?"

पिवळ्या खोल्या ऊबदार होत्या. पलंग जमिनीवर होता, शिडी नव्हती. वर्ना स्वयंपाक करायची, जॅनेलशी हसायची, त्याच्या मोज्यांना टाके घालायची. कशातही उणं नव्हतं. फक्त ती त्याला काही विचारेनाशी झाली होती. चाललास कुठे, येणार कधी, तुला काय वाटतं, असलं काही नाही. सांगायची आणि आपल्या कामाला लागायची. उत्तर यायचं आहे, असं तिच्या चेहऱ्यावर कधी दिसेना. शेजारी झोपायची, भिंतीकडे तोंड करून.

डेल्मरला यूटाचा तो दिवस आठवायचा. किती सुंदर रस्ता होता. तांबडे कडे, वर एकही ढग नाही, आणि आपण शीळ घालत होतो. त्याच वेळी वीतभर फळीच्या पलीकडे ही कंबर धरून ठोकत होती. तीन, तीन, तीन. ते ठोके कुठे गेले? ते कुणी घेतले? आणि त्यांच्या जागी दोन कुणी दिले, हे तर त्याला विचारवतही नव्हतं. भीतीने नव्हे. विचार पुढे गेला की एकाच ठिकाणी जाऊन अडायचा. ज्याने कुणी दिले असतील, त्याला माझं मन पाठ होतं.

आता त्याला एकच हवं होतं. ते तीन ठोके परत मिळावेत. एकदाच. गाडी जागच्या जागी उभी केली असती त्याने. उतरून, धावत वळसा घालून गेला असता.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी तो फावडं घेऊन अंगणात आला. जॅनेल कामाला गेली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता आणि लोणी तापल्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. माळ्याच्या छतावर बर्फ साठला होता. तो पाडावा म्हणून तो खाली जाऊन उभा राहिला. उभा राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, ड्रायव्हरची सीट असते ना, बरोबर तिथेच आपण उभे आहोत.

हात वर गेला. सवयीचा हात, त्याला कोण अडवणार? दोन. निघू का?

काही आलं नाही.

डेल्मरने श्वास सोडला. झालं, संपलं ते, त्याला वाटलं, आणि वाटताना चुकचुकल्यासारखंही झालं. तो वळणार, एवढ्यात वर काहीतरी हललं. हळू. कूस बदलावी तसं. मग थोडा वेळ गेला, पांघरुणातून हात सोडवायला जातो तेवढा. फळी करकरली, आणि त्या करकरण्यात "अगं आई" असं काहीसं होतं, किंवा नव्हतं.

मग ठोके आले. त्याच्या डोक्यावर नाही. पलीकडून, वर्नाच्या बाजूने.

तीन.

"डेल्मर!" खिडकी उघडून वर्नाने हाक मारली. "अंडी गार होतायत!"

तो तिला बघत होता. तिचे दोन्ही हात त्याला दिसत होते. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात उलथनं. ती तिथे होती, खिडकीत, आणि त्याला त्याचा अर्थ कळत होता. अगदी नीट कळत होता. जे वर आहे ते आपल्याला हवं तेच देतं, हेही त्याला ठाऊक होतं. पाय उचलायचा आणि दारापर्यंत जायचं. अंगण ते केवढं.

पण थांब म्हटलं होतं. इतक्या उशिरा का होईना, थांब म्हटलं होतं, तिच्या बाजूने, तिच्याच कण्हण्यासकट. या खेपेलाही पाऊल पुढे टाकायचं?

"डेल्मर, ऐकू येतंय का? ये ना!"

वर पुन्हा तीन पडले.

वर्नाने आणखी एकदा हाक मारली, मग थांबली. बर्फातून त्याला तिचा चेहरा पुसट दिसत होता. ती त्याच्याकडे बघत होती. वर केलेली त्याची मान बघत होती, ऐकायला वाकडी झालेली, आणि त्याच्या तोंडावरचं ते हसू. ते तिने एकदा पाहिलेलं होतं, काचेतूनच. टॉवेल धरलेला तिचा हात हळूहळू खाली गेला.

डेल्मरच्या खांद्यांवर बर्फ साठत होता. फावडं केव्हाच हातातून सुटलं होतं. त्याला तिला ओरडून सांगायचं होतं, पण वरचं काही निसटेल म्हणून तो श्वाससुद्धा हळू घेत होता.

बघ ना वर्ना, त्याला सांगायचं होतं. या वेळी थांबलोय मी.